सातवी पुडी

तापातून उठलो तेव्हा सगळं जागेवर होतं,
फक्त वास नव्हता.
डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.
दोन उन्हाळे गेले. सोलापूरचे उन्हाळे,
म्हणजे चार धरा.

भाजल्या शेंगदाण्याचा नाही, करपल्याचाही नाही.
कढई काळी पडली की शेजारची रेणव्वा
भिंतीवर लाटणं आपटते,
"मल्लेशम, गॅस!"
तेवढंच माझं नाक.

पोरगी जहाजावर स्वयंपाक करते.
बंदर लागलं की बाजारात शिरते,
सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत
पुडी कोंबून धाडते.
बोलत नाही, पण मला कळतं :
एखादी तरी किल्ली बसेल कुलपाला.

पहिली लालसर-जांभळी, सुमाक.
वर मार्करनं : "नान्ना, कांद्यावर टाका, आंबट असते."
टाकली. आंबट होती.
आंबट तर चिंतपंडूही असतं, साखर पेठेत मिळतं.
दुसरी स्पेनची, धुरावर सुकवलेली मिरची.
रंग असा, की आमच्या रंगखात्यातला गुराप्पा
चिमटीत धरून म्हणाला असता, पक्का आहे, धुवा कितीही.
धूर कुठं गेला ते कळलं नाही.
तिसरी झातर.
चौथीचं नाव विसरलो. पिवळी होती. आमटीत घातली,
आमटी आधीपासून पिवळीच.
पाचवी इजिप्तची : दाणे, धणे, जिरं, तीळ,
जाडसर कुटलेलं. हे नाकाच्या आधी दातांना कळलं.
फोनवर हसलो, किती दिवसांनी.
"अगं, ही आपली शेंगा चटणीच की,
कुणीतरी मिरची घालायची विसरलंय."
सहावी डब्यामागं पडून राहिली.
मुंग्या लागल्या नाहीत, म्हणजे गोड नसावी.

सातवी आली थंडीत, गड्ड्याच्या आठवड्यात.
फुटलेली बारकी फळं, तिरफळाच्या जातीची.
वर लिहिलेलं : "चीनची. एकच चावा. मग गप बसून राहा."

एक चावलं.
काही नाही.
भाकरी उलटली.
मग ओठाच्या कडेला काहीतरी सुरू झालं,
जिभेच्या शेंड्यावर आलं, मागं सरकलं.
तिखट नव्हे. आंबट नव्हे. चवच नव्हे ती,
थरथर.
बारीक, एकसारखी.
पहाटपाळीला मागाच्या चौकटीवर हात टेकला
की कोपरापर्यंत चढायची ना,
तीच.

माझ्या जिभेवर माग चालू झाला होता.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
कारखान्याला टाळं लागून चौदा वर्षं,
माग किलोच्या भावानं भंगारात गेले,
दोन टेम्पो तर मीच मोजून दिले,
आणि हा एक
मोजायचा राहिला कसा?

गप बसलो, लिहिलं होतं तसा.
भाकरीचं काय झालं ते रेणव्वाला आधी कळलं.
लाटणं आपटलं. पुन्हा आपटलं.
ओ द्यायला ओठ कुठं होते माझे.

संध्याकाळी उखळ काढलं.
दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ,
त्यात ती फळं, आतल्या काळ्या बिया काढून, सात.
मुसळ अंदाजानं नाही, आवाजानं थांबवलं :
दाण्यांना तेल सुटलं की ठोका ओला होतो.

वाटी घेऊन शेजारी गेलो.
रेणव्वानं बोट चाटलं. थांबली.
खालचा ओठ चाचपून बघितला.
"काय घातलास बे?
हजार विड्या वळल्यावर बोटं होतात,
तसं झालंय तोंड."
आणि दुसरं बोट बुडवलं.

रात्री पोरीचा फोन. मागं समुद्र की इंजिन, काय की.
"आला का वास?"
"नाही."
पलीकडं नुसती घरघर.
"पण ती सातवी," मी म्हटलं,
"अर्धा किलो धाड.
रेणव्वालाही पाहिजे."